गाडीचा होकार

बाजारामागच्या मैदानात गाड्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेतली एकही गाडी स्वतःच्या चाकांवर आलेली नव्हती. कुणी ट्रकच्या पाठीवर बसून आली होती, कुणी पुढची चाकं अधांतरी ठेवून फरफटत. सगळ्या बिनक्लचच्या, ऑटोमॅटिक. सगळ्यांचं दुखणंही एकच. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, पंखा सुरू, गाणी सुरू. फक्त गिअरची दांडी 'पी'वर, म्हणजे पार्कवर, जी रुतून बसलेली ती ढिम्म हलत नाही. ओढा, ढकला, शिव्या द्या, लाडीगोडी लावा. नाही म्हणजे नाही.

रांगेच्या तोंडाशी मोकळेबाबा उभे होते. अंगात आकाशी झगा, डोळ्यांत झोप आणि डाव्या अंगठ्यात चोचीसारखी पुढे आलेली चांदीची अंगठी.

"अडकलेलं सुटो!" बाबा गरजले.

"सुटो!" गर्दी गरजली.

"सुटलेलं धावो!"

"धावो!"

"धावलेलं घरी पोचो!"

"पोचो!" सगळ्यात मोठ्याने औषधवाला ओरडला, कारण पुढचा नंबर त्याच्याच पांढऱ्या गाडीचा होता.

बाबा गाडीत बसले. बसले म्हणजे नुसते बसले नाहीत. ड्रायव्हरच्या जागेवर दोन्ही पाय वर घेऊन त्यांनी चक्क मांडी घातली. "बघा, बघा! बाबांचे पाय कशालाही लागलेले नाहीत! वाकून बघा!" चेला दारं उघडून लोकांना दाखवत होता. लोक वाकत होते, बघत होते, आणि पाय खरोखरच झग्यात गुंडाळलेले पाहून गहिवरत होते. बाबांनी गिअरच्या दांडीवर एक आकाशी वस्त्र पांघरलं, त्याखाली हात घातला, डोळे मिटले आणि घशातून आवाज काढला, नळाला पाणी येण्याआधी हवा येते तसा.

दांडी सुळकन 'डी'वर आली. आणि गाडी पुढे सरकली! ब्रेकवर पाय नाही, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, बाबा मांडी घालून डोळे मिटलेले, आणि गाडी आपली संथ, शहाण्या गाईसारखी निघालेली. किंकाळ्या फुटल्या. औषधवाला रडायलाच लागला. बाबांनी एक डोळा किलकिला करून हँडब्रेक ओढला आणि गाडीला थांबायची आज्ञा दिली. गाडीने ती पाळली. हँडब्रेक ओढल्यावर बहुतेक गाड्या पाळतात.

गर्दीच्या पहिल्या ओळीत भिंगरी उभी होती. नाव शाळेच्या पटावर वेगळंच होतं, पण एका जागी ठरत नाही म्हणून घरात, गल्लीत आणि आता वर्गातही ती भिंगरीच. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात उत्तर येत असलं तरी तिचा हात खांद्यापाशी येऊन अडायचा. मग विज्ञान प्रदर्शनात तिने स्वतः तार गुंडाळून केलेली विजेची घंटा मुख्याध्यापिकाबाईंच्या भाषणाच्या ऐन मध्यात वाजली आणि काही केल्या थांबेना. सगळी शाळा हसली, बाईसुद्धा हसल्या, आणि त्या दिवसापासून भिंगरीचा हात जो वर गेला तो खाली यायलाच तयार नव्हता.

आत्ता मात्र तिने तो हात काकूच्या हातात दिला होता, कारण काकूचा हात थंडगार पडला होता.

"गाडी कुठाय, माई?" बाबांनी विचारलं.

"घरी. शेडमध्ये. कालपासून हलत नाही."

"कुणाची?"

"यांची." काकू थांबली. "म्हणजे, होती यांची. हे गेल्यापासून मी चालवते. म्हाताऱ्या, आजारी माणसांना दवाखान्यात नेते-आणते."

"आणि आजवर ऐकायची तुझं?"

"ऐकायची ना! मला शिकवताना हे म्हणायचे, ब्रेक दाबला की गाडी आतून टक् करते. तो तिचा होकार. ते 'हं' ऐकल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही. काल मी ब्रेक दाबला आणि..." काकूचा आवाज बारीक झाला. "ती हं म्हणालीच नाही."

भिंगरीने कपाळावर हात मारून घेतला. असं ताटात वाढून दिल्यावर कोण उपाशी राहील? बाबा तर मुळीच नाहीत. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली, एक लांब सुस्कारा सोडला.

"हं म्हणणारी गाडी नव्हती, माई. तो होता."

गर्दी एक पाऊल पुढे सरकली.

"त्याची जागा घेतलीस. परवानगी घेतलीस? आता त्याने दांडी धरून ठेवलीय. उद्या सकाळी मी स्वतः येतो, त्याला मोकळं करतो आणि गाडी माझ्या छायेखाली घेऊन जातो. त्या जागेवर तू पुन्हा बसायचं नाही. बसलीस तर पुढचं मी बघणार नाही."

आता मात्र भिंगरीचा हात सुटला आणि सरळ आभाळात गेला. "बाबा, एक प्रश्न!"

"इथे प्रश्न नसतात, पोरी," चेला म्हणाला. "इथे अनुभव असतात."

"बरं, मग एक अनुभव विचारते. इतके आत्मे सगळे ऑटोमॅटिक गाड्यांतच कसे शिरले? क्लचच्या गाडीत बसायला त्यांना कमीपणा वाटतो का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी मंद स्मित केलं. "बालिके, क्लचच्या गाडीला पेडल तीन. आत्म्याला पाय दोन."

"वाऽऽ!" गर्दी म्हणाली. भिंगरीलाही क्षणभर दाद द्यावीशी वाटली. माणूस बोलण्यात वाकबगार होता, यात शंकाच नाही.

परतीच्या वाटेवर काकू डाव्या पायाने नेहमीपेक्षा जास्त लंगडत होती. तिचा डावा गुडघा जिन्यावरून पडल्यापासून कामातून गेलेला. क्लच दाबणं तिला जमणार नाही, म्हणून काकाने मुद्दाम ही बिनक्लचची गाडी घेतली होती. "डाव्या पायाला कायमची रजा," म्हणायचा. काका गेला, तेव्हा तेराव्याला जमलेल्या सगळ्यांनी काकूला सांगितलं, गाडी काढून टाक. तिने काढली ती रस्त्यावर. सुरुवातीला गल्लीतली माणसं तिची गाडी येताना दिसली की ओट्यावर चढून उभी राहायची. आता तीच माणसं आदल्या दिवशी फोन करून जागा सांगून ठेवायची.

घरी ओसरीवर हेडमास्तर वाट बघत बसले होते. शेजारचेच, जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. एक दिवसाआड त्यांना डायलिसिसला जावं लागे आणि ते काकूच्याच गाडीतून जात. जाताना ते सगळ्या जगाच्या चुका काढत आणि येताना त्यांच्यात काकूचा दंड धरून दोन पावलं चालण्याइतकंच त्राण उरत असे. जाणारी गाडी कुठलीही मिळाली असती. दंड देणारी मिळाली नसती.

"मग उद्या माझं काय?" त्यांनी विचारलं.

"उद्या बाबा येऊन गाडी नेणार," काकू म्हणाली. "मी चालवायची नाही म्हणाले."

"सर, तुम्ही तरी सांगा हिला!" भिंगरी तडतडली.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "बघ भिंगरे, विज्ञान जिथे संपतं, तिथे पुढे काहीतरी..."

"सर, विज्ञान संपायला अजून वेळ आहे. आपण अजून गाडीचं दारही उघडलेलं नाही."

हे बोलून ती काकूच्या खुंटीवरची किल्ली घेऊन पसार झाली.

शेडमध्ये गाडी नेहमीसारखी पाठ भिंतीला लावून उभी होती. मागची भिंत नुकती चुन्याने रंगवलेली, पांढरीधोप. भिंगरी ड्रायव्हरच्या जागेवर बसली, हँडब्रेक ओढलेला आहे ना ते पाहिलं, इंजिन बंदच ठेवून किल्ली अर्धी फिरवली आणि ब्रेक दाबला. कान टवकारले. टक् नाही. पुन्हा दाबला. नाही.

काकू रोज पहाटे गाडी काढायची तेव्हा भिंगरी याच दारात दप्तर घेऊन उभी असायची. काकूने ब्रेक दाबला की आधी टक् व्हायचं आणि त्याच क्षणी मागची सगळी भिंत लाल लाल व्हायची. भिंगरीने आरशात पाहिलं. भिंत पांढरीच्या पांढरी.

"अस्सं," ती गाडीला म्हणाली. "म्हणजे तू हं म्हणत नाहीस, आणि लाजतही नाहीस."

टक् गेलं आणि लाल दिवेही गेले, दोन्ही एकदमच. आता काकाचा आत्मा दांडी धरून बसला असेल हे एक वेळ मानू. पण त्याने मागचे दिवे कशाला विझवावेत? वीज वाचवायला? काका घरातले दिवे विझवत फिरायचा हे खरं, पण तरीही! भिंगरीला तिची घंटा आठवली. तारेची गुंडाळी, तिच्यातून वीज गेली की लोखंड खेचलं जाणार आणि टक्. अगदी असंच टक्! तिने दांडीच्या बुंध्याशी कान लावला होता की नाही लहानपणी? आवाज तिथूनच यायचा.

मग तिचं लक्ष मागच्या काचेवरच्या डोळ्याकडे गेलं. तळहाताएवढा काचेचा लाल डोळा. बाबांचं 'रक्षानेत्र'. गेल्या महिनाभरात निम्म्या गावाने ते गाडीत बसवून घेतलं होतं. काकूच्या गाडीत भिंगरीच्या आईने हौसेने बसवलं होतं, काका गेल्यापासून गाडीला राखण नाही म्हणून. ब्रेक दाबला की तो डोळा पेटायचा. मागून येणाऱ्या संकटाकडे बाबा डोळे वटारतात, असं चेला बसवताना सांगायचा. आत्ता तो डोळाही विझलेलाच होता. मेलेल्या माशासारखा.

तिने डिकी उघडली. डोळ्याची तार डिकीच्या झाकणाच्या कडेवरून खाली आली होती आणि मागच्या दिव्याच्या तारेला पीळ देऊन जोडली होती, वर नुसती चिकटपट्टी. डिकी दर वेळी धाडकन लावताना ती तार पत्र्यात चेंगरत होती. चेंगरून चेंगरून तिचं आवरण सोललं होतं आणि आतलं उघडं तांबं पत्र्याला टेकलं होतं.

फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली सापडली. झाकणाच्या आत छोटा प्लॅस्टिकचा चिमटा आणि दोन-तीन जादा फ्यूज. ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज तिने ओढून उजेडात धरला. मधली पट्टी तुटलेली, काळवंडलेली. मग आपल्या भिंगरीने उड्या मारत त्याच आकड्याचा नवा फ्यूज बसवला, ब्रेक दाबला आणि तो नवाही जागच्या जागी जळाला. उड्या थांबल्या. "मूर्ख!" हे ती गाडीला नाही, स्वतःला म्हणाली. तार पत्र्याला चिकटलेली तशीच, आणि ही फ्यूज बदलतेय! तिने आधी डोळ्याची तार सोडवली, गाडीच्या तारेवर व्यवस्थित चिकटपट्टी गुंडाळली, मग त्याच आकड्याचा शेवटचा फ्यूज बसवला आणि श्वास रोखून ब्रेक दाबला.

टक्.

मागची भिंत लालेलाल झाली.

"काकूऽऽऽ!"

काकू आली. भिंगरीने तिला बसवलं, ब्रेक दाबायला लावला. टक्. काकूने दोन्ही हात तोंडावर घेतले. डोळे भरून आले. "ऐकलं गं त्यांनी! मी सकाळपासून मनात म्हणत होते, माफ करा, माफ करा..."

भिंगरीला वाटलं, आता आपण रडावं. एवढा आटापिटा केला तो काकाच्या आत्म्याच्या नावावर जमा! पण पहिल्यांदाच ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, तो चिमटा घे. तो निळा फ्यूज काढ. हां. आता ब्रेक दाब."

शांतता.

"परत बसव."

टक्.

"परत काढ. काकू, मला सांग, काका तुझ्या चिमटीतून ये-जा करतो का?"

काकू तो नखाएवढा फ्यूज तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने तो काढला, बसवला, काढला, बसवला. जणू पोळलेलं बोट पुन्हा पुन्हा चाचपावं. भिंगरी तिच्याशेजारी गप्प बसून राहिली, आणि भिंगरी गप्प बसली हाच खरा त्या गावातला चमत्कार.

"म्हणजे ते रागावलेले नाहीत," काकू शेवटी म्हणाली.

"काका तुझ्यावर कधी रागावला होता?"

"एकदा. मी टक् ऐकायच्या आधीच दांडी ओढली होती." काकू हसली, नाक पुसलं. "म्हणाले, अगं, आधी पाय, मग हात. ती गाडी विचारतेय तुला, पाय ब्रेकवर आहे ना? मला नीट कळलंच नव्हतं काय म्हणतायत ते."

"पण मग बाबा दांडी हलवतात कशी?"

दोघींनी एकदमच दांडीच्या बाजूला पाहिलं. तिथे नखाएवढं एक चौकोनी झाकण होतं. भिंगरीने ते केसांच्या पिनेने उचकटलं. आत बारीकशी खाच. ब्रेकला पाय न लावता, पिन खाचेत दाबून काकूने दांडी ओढून पाहिली. सुळकन!

"चोच," भिंगरी म्हणाली. "त्याच्या अंगठीची चोच! म्हणून ते वस्त्र!"

काकूने दांडी पुन्हा पीवर ढकलली. फ्यूज काढला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकला. "बाबांना येऊ दे उद्या," ती म्हणाली. हे तिने अशा सुरात म्हटलं, की जणू पाहुणे येणार आहेत, घर झाडून ठेवू.

दुसऱ्या दिवशी मोकळेबाबा आले ते सगळं मैदान मागे घेऊनच आले. त्यांनी मोकळ्या केलेल्या आणि त्यांच्याच सांगण्यावरून पुन्हा पीवर न टाकलेल्या गाड्याही मिरवत आल्या, औषधवाल्याची सगळ्यात पुढे. काकूने शेडचं दार उघडून ठेवलं होतं. समोर गल्ली, गल्लीच्या पलीकडे हेडमास्तर खुर्चीत, मांडीवर डायलिसिसची पिशवी.

"त्याला निरोप दे, माई," बाबा म्हणाले आणि ड्रायव्हरच्या जागेवर मांडी घालून बसले. बसता बसता त्यांचा हात सवयीने सीटवरून फिरला. "कव्हर चांगलंय. शिलाई कुठली?" मग भानावर येऊन, "अडकलेलं सुटो!"

"सुटो!"

काकू शेजारच्या सीटवर येऊन बसली. "निरोप देते," म्हणाली. बाबांना ते आवडलं नाही, पण नवऱ्याला निरोप द्यायला आलेल्या बाईला उतर म्हणणार कसं?

भिंगरीचा हात वर गेला. "बाबा, आज वस्त्राशिवाय करून दाखवा ना!"

"वस्त्र हे आत्म्याच्या लाजेसाठी असतं, बालिके."

इंजिन सुरू झालं. हँडब्रेक खाली गेला. वस्त्र पांघरलं गेलं. हात आत गेला. नळात हवा आली. आणि दांडी सुळकन डीवर येते न येते तोच काकूने, जेवणाचं ताट झाकलेलं असावं आणि ते उघडावं इतक्या सहज, वस्त्र उचललं.

सगळ्यांना दिसलं. अंगठीची चोच त्या चौकोनी खाचेत रुतलेली. बाबांनी हात ओढला, चोच निघेना. पुन्हा ओढला, अंगठी बोटातून निघेना. आणि गाडी निघाली.

ती निघणारच होती. तिला कुणी डीवर टाकलं होतं आणि ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता. हँडब्रेक ओढायचा तो हात खाचेत अडकलेला. गाडी कालच्यासारखीच संथ, शहाणी, शेडच्या बाहेर, गल्लीत, सरळ समोर. समोर हेडमास्तर. ते खुर्चीचे हात धरून उठू बघत होते, पण त्यांचे गुडघे उठत नव्हते.

"बाबा, पाय!" भिंगरी ओरडली. "ब्रेकवर पाय द्या!"

बाबांनी पाय द्यायचा फार प्रयत्न केला. पण मांडी घट्ट, झगा लांब आणि दोन्ही पाय त्यात नीट पार्सल केलेले. गर्दी "थांबो! थांबो!" असं म्हणत होती, आणि गाडी ते मनावर घेत नव्हती.

करकच्च!

काकूने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला होता. गाडी एक हिसका देऊन थांबली. बंपर आणि हेडमास्तरांच्या चपला यांच्यात एक पिशवी मावली असती, आणि ती तिथे पडलीही होती. काकूने दांडी पीवर सरकवली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग ती बाबांकडे वळली.

"उतरा," ती म्हणाली. "ही माझी जागा आहे."

बाबांना उतरता येईना, कारण अंगठा अजून खाचेतच होता. शेवटी भिंगरीच्या आईने साबणाचं पाणी आणलं आणि त्या पाण्याने मोकळेबाबांना मोकळं केलं.

तोवर भिंगरी हेडमास्तरांच्या खुर्चीशेजारच्या दगडावर चढली होती. तिला फार मोठं भाषण करायचं होतं, रात्रभर पाठ केलेलं. पण हेडमास्तरांना पायाशी पडलेली पिशवी चाचपताना बघून ती सगळं विसरली आणि साधंच बोलली.

"त्या पेडलवर एक बटन आहे. ब्रेक दाबला की त्यातून वीज दोन वाटांनी जाते. एक वाट मागच्या लाल दिव्यांकडे. दुसरी या दांडीखालच्या तारेच्या गुंडाळीकडे. गुंडाळीत वीज आली की ती लोहचुंबक होते, आणि दांडीला अडवून बसलेली खीळ मागे खेचते. टक्! मगच दांडी हलते. क्लचच्या गाडीत ही खीळच नसते. गाडी कुणावर रुसत नाही. ती फक्त विचारते, पाय ब्रेकवर आहे ना? कारण नसेल तर काय होतं ते आत्ता सगळ्यांनी बघितलं. डीवर टाकून ब्रेक सोडला की अशी गाडी आपोआप सरकतेच. काल मैदानात ज्याला तुम्ही हात जोडलेत ना, ते हे."

"आणि ती खाच?" औषधवाल्याने विचारलं.

"वीज गेली तर माणूस अडकून पडू नये म्हणून बनवणाऱ्यांनीच ठेवलेली चोरवाट. कुणालाही येते उघडता. केसाच्या पिनेने येते."

"पण आमची गाडी मुळात अडकली कशाने?"

"तुमच्या गाडीत डोळा आहे?"

"आहे की. बाबांचा."

"ब्रेक दाबा."

औषधवाला गाडीत बसला. दाबला. सगळे त्याच्या गाडीच्या मागे जमले. मागे अंधार. मग त्याच्या मागची गाडी. अंधार. मग तिच्या मागची. एकामागून एक, सगळ्या मोकळ्या झालेल्या गाड्या, सगळ्यांच्या काचेवर लाल डोळा, आणि एकाच्याही मागचे दिवे पेटेनात. काल संध्याकाळपासून त्या गावातल्या रस्त्यांवरून फिरत होत्या, थांबताना मागच्याला न सांगता.

"त्या डोळ्याची उघडी तार पत्र्याला लागते, ब्रेकचा फ्यूज जळतो, दिवे जातात, गुंडाळीची वीज जाते, खीळ बसते ती बसतेच," भिंगरी म्हणाली. "हेच आधी अडकवतात आणि हेच सोडवतात. आणि सोडवतात तेही अर्धवट!"

"अहो, पण तुम्ही होता कोण आधी?" हेडमास्तरांना आता कंठ फुटला होता.

बाबा साबणाने भरलेला अंगठा झग्याला पुसत होते. "सीटकव्हर," ते पुटपुटले. "सीटकव्हर, गाडीचे दिवे, भोंगे. धंदा बसला हो."

"दिवे तुम्ही बसवता, आणि बसतो आमचा धंदा!" काकू म्हणाली. गर्दी हसली, पण जरा ओशाळूनच. मग कुणीतरी डोळा उपटला, कुणीतरी चेल्याला धरून स्वतःच्या गाडीची तार काढायला लावली. जाता जाता कुणी असंही म्हणालं, की काही म्हणा, पण बाबांच्या आवाजात ताकद होती. अशी माणसं राहतातच. त्यांच्यासाठी भिंगरीने दगडावरूनच ओरडून सांगितलं:

"उद्या दुसरा बाबा येईल! तो गाडी नाही, दुसरं काहीतरी सोडवेल! मला नका मानू, माझंही नका ऐकू! फक्त हात वर करा आणि विचारा: वस्त्राशिवाय होतं का? आधी काय बिघडलं होतं? आणि ज्याने सोडवलं, त्यानेच तर अडकवलं नव्हतं ना? विचारायला काहीच लागत नाही हो, एक हात पुरतो!"

हेडमास्तरांना उशीर होत होता. काकूने पदराची गाठ सोडली, फ्यूज जागेवर बसवला आणि आपल्या जागेवर बसली. हेडमास्तर मागे, भिंगरी दप्तर घेऊन पुढे. काकूने ब्रेक दाबला.

टक्.

तिने लगेच दांडी ओढली नाही. क्षणभर थांबली, स्टिअरिंगवर हात ठेवून, काकाने शिकवल्यासारखी. मग हलकेच म्हणाली, "हं. आहे पाय."

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा आरशात भिंगरीला दिसलं: मागच्या सीटवर विज्ञानाचे निवृत्त हेडमास्तर बसले होते, आणि त्यांनी एक हात वर केला होता.

"भिंगरे," ते म्हणाले, "ती गुंडाळी... तारेला किती वेढे दिले होतेस तुझ्या घंटेच्या?"